भोकाच्या पैशाला गारगोटी

आजोबांना निवांत बसलेलं मी फार कमी पाहिलं. जेवायला बसायचे तेवढंच, आणि तेही शेवटचा घास तोंडात असतानाच उठायचे. आमचं घर नळदुर्गात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून थोडं आत होतं. ओसरीवरून अंगणात, अंगणातून गल्लीच्या तोंडाशी, तिथून रस्त्यावर आणि परत, अशा त्यांच्या येरझाऱ्या दिवसभर चालायच्या. आई नुकत्याच सारवलेल्या अंगणाकडं बघून म्हणायची, "मामंजींच्या पायानं इथं वाट पडायली."

निजामाच्या राजवटीत आजोबा करोडगिरीच्या नाक्यावर मुन्शी होते. करोडगिरी म्हणजे जकातीचं खातं. आमच्या गावापुढं काही कोसांवर निजामाची हद्द संपायची आणि इंग्रजांचा मुलूख सुरू व्हायचा, तिथं तो नाका होता. गाड्या अडवायच्या, माल बघायचा, जकात लावायची आणि सोडायच्या, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. पुढं संस्थान विलीन झालं, हद्द पुसली गेली, आणि काही काळानं नाकाही उठला. आजोबा घरी आले. माझे वडील गावातल्या शाळेत मास्तर होते, घरात कशाला कमी नव्हतं. पण आजोबांचे पाय थांबत नव्हते. नाका गेला म्हणून त्यांचं असं झालं, असं घरातले सगळे म्हणायचे.

त्यांच्या त्या फिरण्यात एकच गोष्ट ठरलेली असायची. हैदराबादेच्या बाजूनं येणारी मोटार थांबली, की ते मागच्या दाराशी जायचे, आत डोकं घालून एकेक माणूस बघायचे आणि मागं फिरायचे. कंडक्टर लोकांना ते माहीत झाले होते. नवा कुणी असला तर विचारायचा, "कुठं निघालाव आजोबा?" आजोबा म्हणायचे, "कुठंच न्हाय."

मी तेव्हा चौथीत होते. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, आणि बाजारात आण्याचे किती नवे पैसे यावरून रोज वाद होत होते. त्याच दिवसांत शेजारच्या मळ्यात विहीर खोदायला घेतली होती. वर टाकलेल्या दगडांच्या ढिगात मला एक गारगोटी सापडली. बाहेरून काळी, ओबडधोबड, पण फुटलेल्या बाजूनं आत पांढरे स्फटिक दाटीनं उभे होते. मी ती फ्रॉकच्या घोळात धरून घरी आणली. आजोबा अंगणात फेऱ्या घालत होते. मला बघून थांबले.

"काय आणलंस? दाखव."

मी दाखवली. त्यांनी गारगोटी उन्हात धरली, फिरवली, परत फिरवली. आणि ओसरीच्या कडेला बसले. आई दळण घेऊन निघाली होती, ती दारातच थबकली.

"ही मला दे," आजोबा म्हणाले.

"फुकट देणार न्हाय मी," मी म्हणाले. आजोबांशी आजवर मी असं बोलले नव्हते, पण ती गारगोटी मला सोडवत नव्हती.

ते आत गेले आणि एक खारकेच्या रंगाची कापडी पिशवी घेऊन आले. तीत हाली नाणी होती. निजामाचं चलन, आता बाजारात कुणी घेत नव्हतं. त्यांनी त्यातलं मधोमध भोक असलेलं एक तांबडं नाणं माझ्या हातावर ठेवलं. "याला आता जगात कुठं किंमत न्हाय," ते म्हणाले, "तुझ्या दगडालाही न्हाय. बरोबरी झाली."

मी ते नाणं करदोट्यात ओवून शाळेत मिरवलं.

तेव्हापासून आमचा व्यवहार सुरू झाला. मी जे आणीन ते आजोबा नाक्यावरच्यासारखं तपासायचे. कुठून आणलं, कुणाच्या हद्दीतलं, ओलं की सुकं, सगळं विचारायचे. बोरी नदीच्या वाळूतले शिंपले, गुंजांची शेंग, बाभळीचा मधासारखा पिवळा डिंक, सुगरणीचं पडलेलं घरटं, तास पक्ष्याचं निळं पीस. प्रत्येकाची घासाघीस व्हायची. सापाची कात आणली तेव्हा ती शेपटाकडं फाटलेली आहे म्हणून त्यांनी चौकोनी आणा द्यायचा नाकारला आणि काळा पडलेला पैसा पुढं केला. मी रुसून कणगीमागं जाऊन बसले. शेवटी आण्यावर सौदा पटला.

आईच्या ध्यानात आलं होतं, की नवीन वस्तू हातात असली की आजोबा बसतात. जुनी चालायची नाही. कालची गारगोटी त्यांच्यापुढं ठेवली तर ते तिला ओलांडून जायचे. मग आई दुपारी मला हळूच म्हणायची, "जा ग, काहीतरी आण. सकाळपासनं फिरायलेत, पाय सुजले त्यांचे."

आधी मला त्यात मजा वाटली. पुढं तो घोर झाला. शाळेत पाटीवर गणित घालता घालता माझे डोळे खिडकीबाहेर असायचे, कुठल्या झाडाखाली काय पडलं असेल. जवळपासचं सगळं आणून झालं होतं. मी ओढ्यापलीकडं जायला लागले, मग किल्ल्याच्या खंदकात. घरी परतताना हातात काही नसलं की मी वाटेतले दगड उलथून बघायचे. गल्लीच्या तोंडाशी आजोबांची काठी वाजताना ऐकू यायची आणि मी तिथूनच मागं वळायचे.

अशाच एका दिवशी काही मिळेना म्हणून मी एक सोनकिडा काडेपेटीत घालून आणला. हिरवा, उन्हात सोन्यासारखा चमकणारा. आजोबांनी पेटी उघडली, बघितला आणि लगेच बंद केली. "जिता माल घेत न्हाय मी. सोडून ये."

"उद्या सोडते की."

"आत्ता."

मी सोडला. पण त्या दिवशी ते बसले नाहीत. दिवेलागणीपर्यंत फिरत राहिले, आणि आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू चूक माझीच होती.

मग मला सागरगोट्यांचं कुंपण सापडलं. तुळजापूरच्या वाटेला एका बागेभोवती ती काटेरी झुडपं होती. हात ओरबाडून घेत मी शेंगा फोडल्या आणि ओंजळभर राखी, गुळगुळीत सागरगोटे घेऊन आले. आजोबांनी ते बघितले मात्र, त्यांच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं तपासनिसाचं सोंग उतरलं. कुठून आणले हेही विचारलं नाही. आत जाऊन त्यांनी पिशवीच्या तळातून चारमिनार छापलेला हाली रुपया आणला आणि मला दिला. चांदीचा.

आईनं तो संध्याकाळी माझ्या हातात बघितला. "मामंजींचं चित्त ठिकाणावर न्हाय," ती वडिलांना म्हणाली. "चांदी पोरीच्या हातात देतात व्हय." वडिलांनी मला तो परत करायला पाठवलं.

आजोबांनी घेतला नाही. "झालेला सौदा हाय तो," ते म्हणाले. ओसरीवर त्यांनी कोळशानं रेघा ओढल्या होत्या आणि त्यावर सागरगोटे मांडले होते. वाघबकरीचा पट होता. "ये, बस. तो रुपया इथं ठेव. तो वाघ. हे सागरगोटे सगळे बकऱ्या. वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं."

खेळता खेळता त्यांनी सांगितलं. नाक्यावर गाड्या नसायच्या तेव्हा ते आणि तिथले जमादार हा डाव खेळायचे. ओट्याच्या फरशीवर जमादारांनीच पट कोरला होता. वाघ म्हणून हाली रुपये आणि बकऱ्या म्हणून सागरगोटे. जमादार शिपायांचे मुख्य, छातीभर दाढीचे, आजोबा लिहिणारे. दोघांनी एका छपराखाली इतकी वर्षं काढली, की घरच्यांपेक्षा एकमेकांचा सहवास त्यांना जास्त होता. पुढं विलीनीकरणाच्या वेळच्या धामधुमीत मुसलमानांच्या जिवाला घोर लागला, तेव्हा जमादारांनी बैलगाडीत बायकापोरं घातली आणि ते उमरग्याच्या पुढं सासुरवाडीला निघून गेले. आजोबा पुढच्या गावापर्यंत गाडीबरोबर चालत गेले होते. "थोडं निवळलं की खबर धाडतो," असं जमादार बोलले होते.

"मग?"

"मग काय. आली न्हाय खबर."

"म्हणून तुम्ही मोटारीत बघता व्हय?"

त्यांनी एक बकरी सरकवली. ती चाल चुकीची होती, वाघाच्या तोंडीच दिली होती.

"तुम्ही जाऊन का आला न्हाईत?" मी विचारलं. "उमरगा तर जवळ हाय."

"गेलो, आणि ते नसले तर?"

मला त्यातलं काही कळलं नाही. नसले तर परत यायचं, इतकं सोपं मला वाटत होतं. मी म्हणाले, "मग मी विचारते. तुम्ही लांब उभं राहा."

त्यांनी पट पुसून टाकला आणि फिरायला गेले. पण पुढच्या रविवारी सकाळी ते कोट-टोपी घालून तयार होते. आईला म्हणाले, "उमरग्याला जाऊन येतो. हिला नेतो बरोबर." आणि मला म्हणाले, "तुझा माल घे."

मी एका फडक्यात सागरगोटे, रुपया, निळं पीस आणि ती पहिली गारगोटी बांधून घेतली. गारगोटी खरं तर त्यांची होती, पण त्यांनी ती स्वतःच आणून दिली.

मोटारीत त्यांना बसवेना. जागा असूनही ते दांडीला धरून उभे राहिले, दर थांब्याला खाली उतरायचे, कंडक्टरनं घंटी दिली की घाईनं चढायचे. उमरग्याला गाडी बदलली. पुढं नवी हद्द लागते, असं कुणीतरी म्हणालं. आदल्याच साली राज्यं नव्यानं आखली होती आणि पलीकडचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला होता. आजोबा खिडकीतून वाकून बघायला लागले. शेतंच शेतं होती. एका शेतात तूर होती, पुढच्यातही तूर.

"नाका कुठं हाय?" त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं.

"कसला नाका?" तो म्हणाला. "हद्द मागंच गेली की."

आम्ही उतरलो ते गाव लहान होतं. माणसं आपसांत कानडी बोलत होती. आजोबा वडाखाली थांबले, आणि त्यांनी खरोखरच मला पुढं केलं. मी विचारत विचारत गेले तर एका घरापुढं बाजेवर एक म्हातारा शेळीचं करडू मांडीवर घेऊन त्याच्या खुरातला काटा काढत होता. तोंडावर दाढी नव्हती, गाल आत गेलेले.

"इथं जमादार राहतात का? करोडगिरीतले?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्यामागं बघितलं. आजोबांना वडाखाली राहवलं नव्हतं, ते माझ्या पाठोपाठ आले होते.

"राहतात," म्हातारा म्हणाला. "दाढी तेवढी ऱ्हायली न्हाय."

आजोबा उभेच होते. त्यांना ओळख पटायला वेळ लागला. पटली तरी ते पुढं झाले नाहीत. जमादारांनीच करडू खाली सोडलं, बाजेवरची घोंगडी झटकली आणि म्हणाले, "आवो मुन्शीजी. बैठो."

जमादारांच्या बीबीनं चहा आणला. आम्ही भिक्षुकांच्या गोतावळ्यातली माणसं, आजी होती तोवर तिला दुसऱ्या जातीच्या घरचं पाणी पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. आजोबांनी विचार न करता कप उचलला. मी त्यांच्याकडं बघितलं आणि माझाही घेतला.

दोघं बराच वेळ कोण कुठं गेलं त्याबद्दल बोलले. नाक्यावरचा कोण शिपाई कुठं लागला, कोण गेला. जमादारांचा मुलगा हुमनाबादेत सायकली दुरुस्त करत होता. मग आजोबांनी विचारलं, "खबर का धाडली न्हाय?"

जमादारांनी करडाला परत जवळ ओढलं. मग म्हणाले, "मी सोलापूरला दोनदा जाऊन आलो, मुन्शीजी. मोटार नळदुर्गात थांबली. तुम्ही खाली उभे होता. गाडीत बघत होता."

आजोबांच्या हातातला कप तसाच राहिला.

"मी उतरलो न्हाय," जमादार म्हणाले. "त्या दिवसांत भीतीपोटी दाढी काढली. मग ठेवायचं मन झालं न्हाय. वाटलं, तुम्ही बघाल आणि तुम्हाला वाईट वाटंल. मला तेच नको होतं. दुसऱ्या खेपेला तर उतरायचं ठरवून निघालो होतो. तुम्ही दाराशी आला, आणि मी मान खाली घातली."

मी आजोबांकडं बघत होते. ते रागावतील, उठून चालायला लागतील, असं मला वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"कुठल्या बाजूला बसला होता?"

"ड्रायव्हरच्या मागं."

"तरीच," आजोबा म्हणाले. "मी मागच्या दारातनं बघायचो. तिथनं पुढची माणसं पाठमोरी दिसतात."

एवढंच. जमादारांनी मला जवळ बोलावलं आणि फडक्यात काय आहे ते विचारलं. मी गाठ सोडली. त्यांनी सागरगोटे बघितले आणि काडीनं अंगणातल्या मातीत पट ओढला. एक वाघ माझ्या रुपयाचा झाला, बाकीचे त्यांनी घरातून हुडकून आणले. डाव लागला. पण आजोबा दर चालीनंतर उठायचे, अंगणात एक फेरी मारायचे, परत येऊन चाल करायचे.

"बसो जी," जमादार म्हणाले, आणि मग मला म्हणाले, "नाक्यावर बी तुझ्या आजाचं असंच. एका जागी ठरायचे न्हाईत. मी म्हणायचो, यांच्या खुर्चीचे पैसे सरकारनं वाचवावेत."

मला नवल वाटलं. नाका गेला म्हणून आजोबा फिरतात, हे आमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी माझ्या सगळ्या दुपारी त्यात घातल्या होत्या.

जमादारांशी मीही सौदा केला. निळ्या पिसाच्या बदल्यात त्यांनी मला साळिंदराचा काटा दिला, काळा-पांढरा, माझ्या वीतभर. त्यांनी घासाघीस केली नाही, त्यामुळे मला तो सौदा थोडा अळणी वाटला. गारगोटी मात्र त्यांनी मागितली तेव्हा आजोबाच म्हणाले, "ती विकाऊ न्हाय."

डाव लांबला, शेवटची मोटार गेली. आम्हाला तिथंच राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी गाडी नळदुर्गात थांबली तेव्हा वडील रस्त्यावर आले होते, शाळा सोडून. आमच्या गाडीच्या मागच्या दारातून ते आत डोकावत होते. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. आईनं मला जवळ घेतलं आणि मग पाठीत एक धपाटाही घातला.

आता आजोबा बसतील, असं आईला वाटलं. मलाही वाटलं, जमादारांचं बोलणं ऐकूनसुद्धा. काही दिवस ते ओसरीवर लोडाला टेकून होते खरे, पण थकले होते म्हणून. थकवा गेला तसे पाय परत सुरू झाले. एवढंच, की मोटारी बघायला ते जाईनासे झाले. त्याऐवजी अधूनमधून मोटारीत बसूनच जायचे, माझ्याकडून काहीतरी घेऊन. जमादारही दसऱ्याला एकदा येऊन गेले. दाढी त्यांनी परत ठेवली नव्हती.

आईनं मग मला दुपारी पाठवणं सोडलं. "त्यांचा तो पिंडच हाय," ती म्हणाली, "तू अभ्यास कर." गंमत अशी, की आता मलाच घरात बसवेना. पुस्तक उघडलं की ओढ्यापलीकडं काय पडलं असेल हे डोक्यात यायचं, आणि मी जायचे. मिळालं की आणायचे, आजोबा तपासायचे, नाणं द्यायचे. पिशवी रोडावत गेली आणि माझा डबा भरत गेला.

पुढं माझं शिक्षण गावात होईना म्हणून मला कळंबला आत्याकडं ठेवायचं ठरलं. निघायच्या दिवशी मोटारतळावर आजोबा आले, हातात ते सगळं घेऊन. गारगोट्या, शिंपले, डिंक, कात, एका पिशवीत ठेचून भरलेलं. "हे तुझं तू घेऊन जा," ते म्हणाले, "आणि माझी नाणी मला परत दे. व्यवहार उलटा करू. मला जमादारांकडं खेळायला वाघ कमी पडायलेत."

"एकदा झालेला सौदा मोडत न्हाय," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होता."

"मग अर्ध्यावर तोडू."

"अर्धं म्हणजे कसं? रुपया कुणाकडं?"

"रुपया माझ्याकडं. भोकाची सगळी तुझ्याकडं."

"मग गारगोटी माझ्याकडं."

ते तयार होईनात. गाडीभोवती ते एक फेरी मारून आले, परत बोलले, परत एक फेरी. वडील माझी ट्रंक टपावर चढवत होते. कंडक्टरनं घंटी दिली तरी आमचं जमलं नव्हतं. त्यांची पिशवी त्यांच्याच हातात राहिली आणि माझा डबा माझ्या मांडीवर. मी खिडकीतून म्हणाले, "सुट्टीत आले की बघू." त्यांनी मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची हे गाडी हलल्यामुळं मला कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी डबा घेऊन घरी आले, तेव्हा ते उमरग्याच्या गाडीनं जमादारांकडं गेले होते.